सांगायचें कोणास?

समुद्रकांठीं फिरावयास जाणाऱ्या शहरी मनुष्याची एक गोड समजूत असते. क्षितिजावर दिसणारें प्रत्येक गलबत केवळ आपल्या सायंकाळची शोभा वाढविण्यासाठींच तेथें कोणीं तरी आणून उभें केलें आहे, असें त्याला वाटतें. तें गलबत कोणाचें, कोठून आलें, कोठें जाणार, हे प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहींत. आणि आलेच, तर ते विचारण्यासाठीं सरकारनें कोणा तरी पगारी मनुष्याची योजना केली असेलच, या भरंवशावर तो शेंगांची पुडी सोडतो. आम्हीही अनेक वर्षें याच समजुतींत सुखी होतों. तें सुख संपलें तें एका होडीमुळें. आणि ती होडीही अगदींच निरुपद्रवी निघाली.

आमचें आजोळ कोंकणांतील एका लहानशा बंदरगांवीं आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही तेथें गेलों होतों. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झांकून ठेवलेल्या असतात, आणि एरवीं गजबजलेलें बंदर सुतक पडल्यासारखें दिसतें. अशा दिवसांत एके संध्याकाळीं खाडीच्या मुखाशीं एक मध्यम आकाराची होडी हेलकावे खातांना आम्हांस दिसली. तिच्यावर माणूस नव्हता, दिवा नव्हता, आणि नांव व क्रमांक असावयास पाहिजेत तेथें नुसता खरवडलेला रंग होता. असें कांहीं आढळल्यास ताबडतोब कळवावें, अशी पाटी धक्क्यावरच लावलेली होती; परंतु तिच्यावरील क्रमांकांतले शेवटचे आंकडे खाऱ्या वाऱ्यानें खाऊन टाकले होते. तेव्हां मामांच्या वहींतून एका कचेरीचा क्रमांक शोधून आम्हीं टेलिफोन केला.

"होडी पाण्यांत आहे कीं वाळूवर?" पलीकडच्या गृहस्थांनीं विचारलें.

"पाण्यांत आहे, पण पाणी गुडघाभरच असेल," आम्ही म्हणालों.

"पाण्यांत असेल तर ती आमच्या हद्दींत येत नाहीं. समुद्राकडच्या ठाण्याला कळवा."

समुद्राकडच्या ठाण्यानें होडी खाडीच्या मुखाच्या आंत आहे कीं बाहेर, याची चौकशी केली. ती बरोबर मुखावरच आहे, असें प्रामाणिक उत्तर आम्हीं दिल्यामुळें तेथील गृहस्थ अडचणींत पडले; मग होडी मासेमारीची असल्यास बंदीच्या दिवसांत तिची चौकशी तिसऱ्याच खात्यानें करावयाची असते, असें त्यांस आठवलें. तिसऱ्या खात्याची कचेरी तोंवर बंद झाली होती. या खटाटोपांत तासभर गेला, ओहोटी लागली, आणि होडी हळूच वाळूवर टेकली. म्हणजे न्यायतः ती पहिल्या कचेरीच्या हद्दींत आली. ही आनंदाची वार्ता आम्हीं त्या कचेरीस कळविली, तों तेथील पाळी बदललेली होती, व नव्या गृहस्थांनीं मुळापासून आरंभ केला : "होडी पाण्यांत आहे कीं वाळूवर?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं होडीचा धनी पलीकडच्या गांवाहून धांवत आला. दोर तुटून होडी वाहत आली होती, आणि नवा रंग द्यावयाचा म्हणून जुना खरवडला होता. त्यानें आमच्याकडे चहा घेतला व होडी नेली. मामा म्हणाले, "अरे, तूं शहरांतला म्हणून चार वेळां टेलिफोन केलेस. आम्हीं एकदांही केला नसता."

ही हकीकत विनोद म्हणून आम्हीं मित्रमंडळींत पुष्कळ वेळां सांगितली, आणि तिला हशाही चांगला मिळाला. परंतु हशा ओसरला कीं मनांत एक खडा राहून जातो. त्या संध्याकाळीं आमच्याशीं कोणीही उद्धटपणानें बोललें नाहीं. कोणीं खोटेंही सांगितलें नाहीं. प्रत्येकानें आपल्या हद्दीपुरतें खरें तेंच सांगितलें, आणि त्या सर्व खऱ्यांच्या बेरजेंतून होडी मात्र रात्रभर तेथेंच राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत कफ परेडजवळ, बधवार पार्कासमोरील कोळ्यांच्या वस्तीला एक रबरी होडी लागली. होडींत दहा तरुण होते, व त्यांच्यापाशीं जड पिशव्या होत्या. तेथील कोळ्यांनीं त्यांना पाहिलें. तुम्ही कोण, कोठले, म्हणून विचारलेंही. आणि आपलें काम पाहा, अशा अर्थाचें उत्तर त्यांस मिळालें. पुढील सुमारें साठ तासांत मुंबईंत १६६ माणसें मारलीं गेलीं. हे दहाजण कराचीहून निघाले होते. वाटेंत त्यांनीं 'कुबेर' नांवाची पोरबंदरची मासेमारी बोट पकडली, तिच्यावरील चौघा खलाशांस मारलें, तांडेलाला तेवढें जिवंत ठेवून त्याच्याकडून मुंबईची वाट काढविली, आणि मुंबई जवळ आल्यावर त्यालाही ठार केलें. 'कुबेर' आपली होती, नोंदलेली होती, आणि तिच्यासारख्या हजारों बोटी त्या समुद्रांत नित्य हिंडत असतात. त्यामुळें ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाहीं. भारताच्या किनाऱ्यावर त्या टोळीला 'कोण रे तुम्ही?' असा सरळ प्रश्न ज्यांनीं प्रथम केला ते कोणी अंमलदार नव्हते, जाळीं विणणारीं माणसें होतीं. त्यांचें हें पाहणें ज्याला उपयोगीं पडलें असतें त्याच्यापर्यंत तें वेळेवर पोंचलें नाहीं.

इशारे मुळींच आले नव्हते असेंही नाहीं. महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या राम प्रधान समितीनें २००९ सालीं आपला अहवाल दिला. समुद्रमार्गें हल्ला होण्याचा संभव आहे, अशा सूचना आधींच्या दोन वर्षांत येऊन गेल्या होत्या, हें त्या चौकशींतून पुढें आलें. पुढें २०१४ च्या डिसेंबरांत 'न्यूयॉर्क टाइम्स' इत्यादि अमेरिकन पत्रांनीं आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. हल्लेखोरांच्या दळणवळणाची व्यवस्था करणाऱ्या लष्कर-ए-तोयबाच्या इसमाच्या संगणकावर ब्रिटिश हेरखात्याची नजर होती. भारतीय यंत्रणाही त्याच्यावर लक्ष ठेवून होत्या. अमेरिकेस निराळ्याच वाटांनीं सुगावा लागला होता व तिनें भारतास सावधही केलें होतें. तिघांच्या हातांत चित्राचे तीन तुकडे होते. ते जुळविले असते तर चित्र पुरें झालेंच असतें असें छातीठोकपणें कोण म्हणेल? पण ते एका मेजावर कधीं आलेच नाहींत.

हा दोष आमच्याच मातीचा आहे, असें समजून कोणीं मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांतील दोन इसम अमेरिकेंत शिरल्याचें तिच्या सी. आय. ए. ला ठाऊक होतें आणि एफ. बी. आय. ला तें वेळेवर कळलें नाहीं, हें तेथील चौकशी-मंडळाच्या २००४ च्या अहवालांत स्पष्ट नमूद आहे. त्यापूर्वींच उपाय म्हणून त्या देशानें बावीस खातीं व कचेऱ्या मिळून गृहसुरक्षेचें एक प्रचंड खातें उभें केलें. २००३ मध्यें तें चालू झालें. बावीस कचेऱ्या एका छपराखालीं आणल्या म्हणजे त्या आपोआप एकमेकींशीं मोकळेपणानें बोलूं लागतील, ही कल्पना एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणाही मनुष्यास पटणें कठीण आहे.

'खात्याखात्यांतील हेवेदावे' हा एक तयार शब्दप्रयोग आहे, आणि तो वर्तमानपत्रांत छापला कीं सर्व उलगडा झाला असें मानण्याची चाल आहे. आम्हांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं. बातमी जवळ ठेवणारा प्रत्येक अधिकारी मत्सरीच असतो असें नव्हे. गुप्त बातमी ज्याच्याकडून मिळाली त्याचा जीव ती किती तोंडांतून फिरते यावर अवलंबून असतो, आणि ही काळजी खोटी नाहीं. शिवाय बातम्या एक-दोन येत नाहींत. ढिगानें येतात, आणि त्यांतील बहुतेक फोल निघतात. फोल बातमी पुढें पाठविणारा हास्यास्पद होतो. ती न पाठविणारा मात्र, तिचा आपल्या हद्दीशीं संबंध नव्हता, असें दाखवून सहीसलामत सुटतो. कचेरींत 'आमच्याकडे आलें नव्हतें' हें उत्तर जितकें निर्धोक, तितकें 'आम्हांस शंका आली म्हणून कळविलें' हें निर्धोक नाहीं. आणि पोटासाठीं नोकरी करणारा मनुष्य यांपैकीं कोणतें शिकेल, हें सांगावयास नको. हेरखात्यांनीं एकमेकांस माहिती द्यावी म्हणून 'मल्टि-एजन्सी सेंटर' नांवाचें केंद्र २००१ सालींच स्थापन झालेलें होतें. तरीही मुंबईच्या हल्ल्यानंतर, २००८ च्या अखेरीस, ही देवाणघेवाण त्यांस बंधनकारक करणारा हुकूम सरकारला निराळा काढावा लागला.

त्याच रात्रीं याच्या उलट उदाहरणही घडलें, आणि तें आम्ही विसरूं शकत नाहीं. दोघे हल्लेखोर पोलिसांची गाडी पळवून, पुढें तीही टाकून, दुसऱ्या एका मोटारींतून निघाले. पोलिसांच्या गाडींत जखमी होऊन पडलेल्या एका शिपायानें ते उतरतांच वायरलेसवरून निरोप दिला. नवी मोटार कोणत्या जातीची व रंगाची आहे, हेंही थोड्याच वेळांत नियंत्रण-कक्षाकडून नाक्यानाक्यांवर कळलें. गिरगांव चौपाटीच्या नाक्यावरील पोलिसांनीं तें ऐकलें आणि मध्यरात्रीनंतर ती मोटार अडविली. साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातांत लाठी होती. त्यांनीं समोरच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या, आणि हल्लेखोर जिवंत हातीं लागला. ओंबळे यांस २००९ सालीं मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. त्यांच्या शौर्यापुढें यंत्राची गोष्ट काढणें कोणास क्षुद्रपणाचें वाटेल. पण तें शौर्य योग्य ठिकाणीं, योग्य क्षणीं उभें राहूं शकलें तें एका निरोपामुळें. वायरलेस ही त्या रात्रीं कांहीं नवी विद्या नव्हती. एकानें सांगितलें, दुसऱ्यानें तें आपलें काम नव्हे असें न म्हणतां पुढें दिलें, आणि तिसऱ्यानें तें खरें मानलें.

त्यानंतर यंत्रांच्या बाबतींत सरकारनें हात आंखडता घेतला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी २००९ सालीं नौदलाकडे देण्यांत आली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यांत सागरी पोलीस, त्यापुढें तटरक्षक दल, खोल समुद्रांत नौदल, अशी पहाऱ्याची उतरंड आहे. तिच्या भोवतीं कस्टम्स, मत्स्यव्यवसाय खातें, बंदरांचे अधिकारी, दीपगृहांचे अधिकारी असा गोतावळा आहे. किनाऱ्यावर रडारांची सांखळी उभी राहिली; पहिल्या टप्प्यांतच ४६ रडार बसविलीं, त्यांतील ३६ मुख्य भूमीवर. नौदल व तटरक्षक दल यांचीं ५१ ठाणीं जोडणारें एक केंद्र २०१४ च्या नोव्हेंबरांत उघडलें, तेंही गुरुग्रामला. जेथून समुद्र शेंकडों कोस दूर आहे! पण त्याला हंसण्याचें कारण नाहीं, कारण आजचा टेहळ्या डोलकाठीवर चढत नाहीं, पडद्यासमोर बसतो. मोठीं जहाजें स्वयंचलित ओळख-यंत्रावरून आपलें नांव, ठिकाण, दिशा व वेग सतत पुकारीत असतात, आणि तो पुकारा या पडद्यावर उमटतो. अडचण एवढीच कीं, ज्याला लपावयाचें आहे तो पुकारा बंद करतो. आणि लहान होड्यांवर हें यंत्र असावें अशी सक्तीच नाहीं. वीस मीटरांहून लांब होडीला तें लावावें लागतें, आणि आमचे बहुतेक कोळी त्याहून लहान होडींतून जातात. रडाराला लांकडी वा फायबरची लहान होडी लाटांच्या गदारोळांत नीट दिसत नाहीं. दिसली तरी एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यांत बोंबील आहेत कीं बंदुका, हें सांगणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

यंत्रें आल्यानंतरच्या तीन हकीकती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०११ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस 'पवित' नांवाचें सुमारें हजार टनांचें तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूंत येऊन रुतलें. त्यावर चिटपांखरूं नव्हतें. खलाशांना कांहीं आठवड्यांपूर्वीं ओमानकडील समुद्रांत ब्रिटिश नौदलानें उतरवून घेतलें होतें, आणि बेवारशी जहाज वाऱ्यापावसानें ढकलीत ढकलीत मुंबईच्या अंगणांत आणून टाकलें. रविवारच्या सकाळीं फिरावयास गेलेल्या लोकांना तें दिसलें. पहारेकऱ्यांपैकीं कोणाच्या हद्दींतून तें आंत आलें, याचा वाद मात्र बरेच दिवस चालला. दुसरी हकीकत १८ ऑगस्ट २०२२ ची. रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला 'लेडी हान' ही परदेशी बोट लागली, आणि तींत तीन ए. के. बंदुका व काडतुसें निघाल्यावर मुंबईपर्यंत नाकेबंदी झाली. चौकशींत असें समजलें कीं, जूनमध्यें मस्कतजवळ बोट बिघडली, एका कोरियन युद्धनौकेनें माणसें सोडविलीं, आणि रिकामी बोट वाहत आली. ओमानच्या समुद्रांत माणसें सोडविणाऱ्यांस ठाऊक होतें कीं एक बोट मोकळी सुटली आहे. श्रीवर्धन तालुक्याला तें दोन महिन्यांनीं कळलें, तेंही बोट दारांत आल्यावर.

श्रीवर्धन तालुकाच म्हणावयाचें कारण असें कीं, याच तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ सालीं स्फोटक द्रव्यें उतरविण्यांत आलीं होतीं. त्याच वर्षीं १२ मार्च रोजीं मुंबईंत लागोपाठ स्फोट होऊन २५७ माणसें मेलीं. तेव्हां पाहणाऱ्यांचे डोळे अधू नव्हते; त्यांवर नोटा ठेवल्या गेल्या होत्या. कस्टम्स व पोलीस खात्यांतील कांहीं इसमांस पुढें त्याबद्दल शिक्षाही झाल्या. अशा ठिकाणीं रडार काय करील?

तिसरी हकीकत आम्हांस सर्वांत अधिक बोंचते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं मुंबई पोलिसांच्या गस्तीच्या बोटीला कुलाब्याजवळच्या समुद्रांत एक परकी बोट दिसली. तींत तामिळनाडूचे तिघे मच्छिमार होते. ते कुवेतमध्यें चाकरीस होते. मालक पगार देत नाहीं, छळ करतो, म्हणून त्याचीच बोट घेऊन ते निघाले, आणि दहा-बारा दिवस समुद्र कापीत मायदेशीं आले. इतक्या अंतरांत, इतक्या देशांच्या पाण्यांतून, त्यांस कोणीही हटकलें नाहीं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती आमचा पहारा किती ढिला आहे याची, आणि ती व्हावयास हवीच होती. पण त्या तिघांजवळही सांगावयाचें कांहीं होतें, आणि तें सांगण्याजोगी एकही खिडकी उघडी न दिसल्यामुळेंच त्यांनीं जीव मुठींत धरून अरबी समुद्र ओलांडला ना? त्यांचें प्रथम स्वागत पासपोर्टाच्या कायद्याखालीं झालें.

या सर्व धामधुमींत कोळ्यांच्या वांट्याला आलें तें कार्ड. बोटांचे ठसे घेतलेलें ओळखपत्र प्रत्येकानें जवळ बाळगावयाचें. बोटीला क्रमांक, बोटीला ठराविक रंग, निघतांना नोंद, येतांना नोंद. ही गोष्ट अगदींच नवी नव्हे. पोर्तुगीज आपल्या 'कार्ताझ'वांचून गलबत हांकूं देत नसत, आणि आंग्रेही दस्तक मागत. किनाऱ्यावरच्या मनुष्याला कागद दाखवीत जगण्याची संवय चारशें-पांचशें वर्षांची आहे. कार्ड नसावें असें आमचें म्हणणें नाहीं. 'कुबेर'चें उदाहरण डोळ्यांपुढें असतांना तसें कोण म्हणेल? परंतु कार्डानें मनुष्य तपासला जातो, विचारला जात नाहीं. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें एका नव्या योजनेचा आरंभ झाला. तींत इस्रोनें बनविलेलें लहान यंत्र देशांतील एक लाख मासेमारी बोटींवर बसवावयाचें आहे, आणि त्यावरून किनाऱ्याकडून बोटीस व बोटीकडून किनाऱ्यास असे दोन्हीकडून निरोप जाऊं शकतात. त्यांतील दुसऱ्या दिशेचा निरोप वाचावयास कोण बसतो, याची आम्हांस फार उत्सुकता आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगतांना जीभ अडखळते. त्या जूनच्या होडीनंतर दोन वर्षांनीं, डिसेंबरांत, आम्ही पुन्हां आजोळीं होतों. रात्रीं जेवणानंतर धक्क्यावर गेलों असतां दूर पाण्यावर एक काळी आकृति सरकतांना दिसली. दिवा नव्हता. यंत्राचा आवाजही मधेंच येई आणि मधेंच थांबे. टेलिफोन आमच्या खिशांत होता. तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा १०९३ हे क्रमांक एव्हांना आम्हांस तोंडपाठ होते, कारण जूनच्या विनोदाची गोष्ट सांगतांना तिच्या शेवटीं आम्ही ते मोठ्या ऐटीनें ऐकवीत असूं. आम्हीं टेलिफोन बाहेर काढला. 'पाण्यांत आहे कीं वाळूवर?' हा प्रश्न कानांत वाजला. आपण पुन्हां हंसें करून घेणार, असें वाटलें. आणि तो खिशांत ठेवून आम्ही घरीं आलों. रात्रभर झोंप लागली नाहीं. खिडकींतून लाटांचा आवाज येत होता आणि प्रत्येक लाटेबरोबर कोणी तरी वाळूवर उतरत आहे असा भास होई. ज्या अधिकाऱ्यांच्या मौनावर आम्हीं इतकें तोंडसुख घेतलें होतें, त्यांच्यांत व आमच्यांत त्या रात्रीं काय फरक होता? ते निदान आपल्या हद्दीकडे बोट दाखवूं शकत होते. आम्हांस तेवढीही हद्द नव्हती.

पहांटे उठून आम्ही तडक एका वृद्ध तांडेलांकडे गेलों. ते आमच्या मामांचे मित्र. त्यामुळें आम्हीही त्यांस मामाच म्हणतों. सर्व ऐकून ते स्वस्थपणें म्हणाले, "ती पलीकडच्या वाडीची बोट, भाऊ. तिचा दिवा चार दिस झाले बंद हाय. मीं पण बघितली."

"मग तुम्हीं कळविलें नाहीं?"

"ओळखीची बोट, काय कळवायचं?" मग थोडें थांबून म्हणाले, "आणि अनोळखी असली तरी सांगायचं कुणाला? कार्ड दाखव म्हणतात. दाखवतों. काय बघितलंस, म्हणून कुणी विचारीत नाय. तुमी एक रात जागलांत, आमी रोज बघतों."

यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. पंचेचाळीस वर्षें तो समुद्र पाहिलेला मनुष्य आमच्यासमोर बसला होता. कोणत्या होडीचें यंत्र कसें खोकतें, कोणत्या महिन्यांत कोठें जाळें टाकणें वेडेपणाचें, भरतीच्या वेळीं खाडींत शिरणारा इकडचा कीं परका, हें तो डोळे मिटून सांगूं शकत होता.

गेल्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां गांवांत 'सागर कवच'ची गडबड होती. हा सराव ठराविक काळानें होत असतो. त्यांत आपल्याच लोकांपैकीं कांहीं जण शत्रु होऊन लपतछपत किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतात, आणि इतरांनीं त्यांस शोधून काढावयाचें असतें. धक्क्यावर एक अगदीं तरुण शिपाई, मिसरूड नुकतीच फुटलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांचीं कार्डें तपाशीत उभा होता. आमच्यापुढें तांडेलमामा होते. त्यांनीं कार्ड पुढें केलें, आणि तें परत घेतांना सहज समुद्राकडे मान वळवून म्हणाले, "साहेब, ती निळी बोट बघा. पहांटेपास्नं उभी हाय. जाळं टाकलंय, पण ज्या जागीं टाकलंय तिथं या दिसांत मासा नसतो. आणि ओढायचं नांव नाय."

शिपायानें कार्डांवरून नजर उचलली. होडी पाण्यांत आहे कीं वाळूवर, हें तो आतां विचारणार, अशी आमची खात्री झाली होती. त्यानें बराच वेळ त्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलें. मग खिसे चांचपले. कागद सांपडला नाहीं, तेव्हां पेन काढून तो आपल्या तळहातावरच लिहूं लागला.

"किती वाजल्यापासून म्हणालांत, काका?"